‘उत्तर बरोबर, पण रीत दाखवा’: प्रौढांना शिकवताना पार्श्वभूमी कुठे डोकं वर काढते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरा वर्षं शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून आता तुम्ही मोठ्या माणसांच्या वर्गावर जाणार आहात. सोबतच्या प्रशिक्षकांत एक जण वेल्डर आहे, एक पूर्वी परिचारिका होत्या, एकाकडे प्रौढशिक्षणाची रीतसर पदवी आहे. तिघांची शिकवण्याची तऱ्हा तीन प्रकारची. ही तऱ्हा ज्याच्या त्याच्या पार्श्वभूमीतून येते का, आणि येत असेल तर शाळेतल्या अकरा वर्षांचं करायचं काय?

पार्श्वभूमीचा संबंध आहे, पण तो लोक शोधतात त्या जागी सापडत नाही. पदवी कुठली, नोकरी किती वर्षं, हुद्दा काय, एवढ्यावरून एखादा माणूस कसा शिकवेल हे मला अजूनही ओळखता येत नाही. आणि गेली वीसेक वर्षं माझं कामच ते आहे: प्रौढांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, शिकवणाऱ्याकडे बघायचं, आणि वर्ग सुटल्यावर त्याच्याशी बोलायचं. ठरवल्याप्रमाणे तास चाललेला असतो तोवर बहुतेक प्रशिक्षक एकसारखेच दिसतात. मग कुणीतरी भलताच प्रश्न विचारतं, एखाद्याला तिसऱ्यांदा सांगूनही जमत नाही, मागचे दोघं मोबाइल काढतात, घड्याळात दहाच मिनिटं उरलेली असतात. त्या क्षणी माणसाचा जुना धंदा बाहेर येतो. शाळामास्तर फळ्याकडे वळतो. कारागीर ‘द्या इकडे’ म्हणत शिकणाऱ्याच्या हातातलं अवजार काढून घेतो. प्राध्यापक आणखी एक व्याख्या सांगतो. विक्रीतून आलेला विनोद करतो. पदवीवाला सगळ्यांना गटांत बसवतो. घडी नीट बसलेली असताना पार्श्वभूमी झाकलेली राहते, ती विस्कटली की दिसायला लागते.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून सांगत नाही. मीही आठ वर्षं शाळेत गणित शिकवून इकडे आलो. संध्याकाळचा वर्ग होता, कामावरून सुटून आलेली माणसं, आणि विषय होता टक्केवारी. एक गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, मोठ्या गोदामाचा हिशेब सांभाळणारे. मी फळ्यावर उदाहरण लिहिलं: २४० खोकी आली, त्यातली १५ टक्के फुटली, तर किती फुटली? माझं लिहून व्हायच्या आत ते म्हणाले, ‘छत्तीस.’ मी विचारलं, कसं? ते म्हणाले, ‘दहाला चोवीस, त्याचं निम्मं बारा, झाले छत्तीस.’ आणि मी, आठ वर्षांच्या सवयीनं, विचारही न करता बोललो, ‘उत्तर बरोबर आहे, पण रीत दाखवा.’ खडू पुढे केला. ते उठले, फळ्यापाशी आले, खडू हातात घेऊन दोन क्षण उभे राहिले आणि म्हणाले, ‘ते मला येत नाही.’ जागेवर जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात आले नाहीत, नंतरही नाहीत.

त्या वाक्यात शाळेच्या दृष्टीनं काही चूक नव्हती. बारा वर्षांच्या मुलाला रीत विचारायलाच हवी, कारण त्यानं शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उचललेलं असू शकतं, आणि पुढच्या इयत्तेत ती रीत लागणार असते. पण या माणसाच्या तोंडी जे होतं तीच रीत होती, आणि तीही कित्येक वर्षं रोज वापरून गुळगुळीत झालेली. मला ती रीत म्हणून दिसलीच नाही. आदल्याच आठवड्यात मी सहकाऱ्यांपुढे ‘प्रौढांच्या अनुभवाचा आदर’ या विषयावर अर्धा तास बोललो होतो!

बोलणं आणि करणं यांतल्या या फटीवर क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७४ साली नेमकं बोट ठेवलं. माणूस विचारल्यावर जे तत्त्व सांगतो ते एक, आणि त्याच्या वागण्यातून जे तत्त्व दिसतं ते दुसरं. गंमत अशी की दुसऱ्याचा त्याला स्वतःला पत्ता नसतो. प्रशिक्षकांना मी हे सांगतो तेव्हा सगळे मान डोलावतात. आपल्यालाही ते लागू आहे असं मात्र कुणालाच वाटत नाही.

आता हे दुसरं, न सांगितलेलं तत्त्व येतं कुठून? बरंचसं आपण स्वतः विद्यार्थी असताना साठवलेलं असतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली हिशेब मांडला होता की शाळा संपेपर्यंत माणसानं शिक्षकांना जवळून बघण्यात सुमारे १३,००० तास घालवलेले असतात. दुसऱ्या कुठल्याच व्यवसायात शिरण्याआधी इतकी लांब उमेदवारी होत नाही. पण ही उमेदवारी बाकावर बसून झालेली. शिक्षक काय करतो ते दिसतं, का करतो ते दिसत नाही. त्यामुळे वेल्डर असो की परिचारिका, ‘मी कधी शिक्षक नव्हतो, मी कोरी पाटी आहे’ असं कुणी म्हणालं तर माझा विश्वास बसत नाही. त्यांच्या आतही एक शाळामास्तर बसलेला असतोच. फरक इतकाच की तुमचा रोज कामावर जात होता आणि त्यांचा इतकी वर्षं झोपला होता.

आता तुमच्या सहकाऱ्यांकडे येतो. वेल्डरपासून सुरुवात करतो, कारण कारागिरीतून आलेल्या प्रशिक्षकांमध्ये मला सर्वांत जास्त ताकद दिसते आणि सर्वांत जास्त चीडही तिथेच बघायला मिळते.

अशाच एका वर्गात मी बसलो होतो. शिकवणारा उत्तम कारागीर, हातात जादू. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता: हात स्थिर ठेवा, वेग एकसारखा ठेवा. शिकणाऱ्यांचे रॉड पत्र्याला चिकटत होते आणि शिवण, म्हणजे सांध्याची रेघ, वेडीवाकडी येत होती. शेवटी त्यानं एकाच्या हातातून रॉड धरायचा होल्डर घेतला, सरसर एक शिवण मारली आणि म्हणाला, ‘हे असं.’ सगळ्यांनी बघितलं, कुणाला काहीच कळलं नाही. मग चाळिशीच्या एका बाईंनी विचारलं, ‘तुम्ही काचेतून बघता तेव्हा नक्की कशाकडे बघता?’

तो थांबला. खरंच थांबला, हातातलं खाली ठेवून. मग सावकाश म्हणाला, ‘उजेडाकडे नाही बघत. त्याच्या मागे वितळलेल्या धातूचं छोटं डबकं असतं, त्याच्या कडेकडे बघतो. आणि ऐकतो. एकसारखी चरचर यायला हवी. आवाज फडफडायला लागला की रॉड लांब गेला समजायचं.’ त्या दिवसापर्यंत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. लपवायचं होतं म्हणून नव्हे, आपण असं काही करतो हे त्यालाच ठाऊक नव्हतं म्हणून. नवखा माणूस झगझगणाऱ्या उजेडाकडे बघत राहतो आणि त्याला बाकी काहीच दिसत नाही. त्या एका उत्तरानंतर अर्ध्या तासात वर्गातल्या शिवणी सुधारल्या.

जाणकाराला स्वतःची जाण दिसत नाही, हे प्रयोगांतही नोंदलं गेलंय. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली स्टॅनफर्डमध्ये काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला आणि समोरच्याला गाणं ओळखायला सांगितलं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. ‘हात स्थिर ठेवा’ ही त्या वेल्डरची टकटक होती.

यावर उपाय फार जुना आहे आणि तो शिक्षणशास्त्राच्या विभागातून आलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांची लाट आली आणि शिकवायला होते ते फक्त जुने मुकादम. ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाच्या सरकारी उपक्रमानं १९४० ते १९४५ या काळात या मुकादमांना शिकवायचं कसं ते शिकवलं, तेही दहा तासांत: दोन-दोन तासांच्या पाच बैठका. पायऱ्या चार. आधी शिकणाऱ्याला तयार करा, मग काम दाखवून समजावा, मग त्याच्याकडून करून घ्या आणि करता करता बोलायला लावा, आणि शेवटी त्याला एकट्याला सोडून अधूनमधून बघत राहा. पण खरी मेख या चारच्या आधी होती. मुकादमानं वर्गात जाण्यापूर्वी काम कागदावर उतरवायचं: डावीकडे पायऱ्या, उजवीकडे प्रत्येक पायरीतली कळीची गोष्ट, म्हणजे जी चुकली तर काम बिघडतं, हाताला लागतं, किंवा जी कळली तर काम सोपं होतं. डबक्याची कड आणि चरचर, दोन्ही त्या उजव्या रकान्यातली. मुकादमांच्या खिशातल्या कार्डावर एक ओळ छापलेली असे: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. मला ती ओळ थोडी कठोर वाटते, कारण मोठी माणसं कधीकधी न शिकण्याचं ठरवूनच आलेली असतात. तरी रागावलेल्या कारागिराला खिशात ठेवायला ती ओळ बरी.

परिचारिकांबद्दल सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही बिनदिक्कत उचला. रुग्णाला औषधाच्या वेळा समजावून झाल्या की चांगली परिचारिका ‘समजलं का?’ असं विचारत नाही. कारण ‘हो’ हे उत्तर ठरलेलं असतं. ती म्हणते, ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, तुम्ही घरच्यांना हे कसं सांगाल?’ यात परीक्षा सांगणाऱ्याची आहे, ऐकणाऱ्याची नाही, आणि प्रौढ माणसाच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा. शाळेतून आलेल्या एकाही प्रशिक्षकाला मी हे आपणहून करताना बघितलेलं नाही. उलट बाजूही आहे. रुग्णसेवेत चूक म्हणजे धोका, त्यामुळे तिथून आलेली माणसं शिकणाऱ्याला चुकूच देत नाहीत. हात पुढे जायच्या आत ‘थांबा’ म्हणतात. सुई टोचताना ते योग्यच आहे. पण तक्ता भरायला शिकवताना चूक होऊ द्यावी, ती सापडू द्यावी आणि त्याची त्यालाच दुरुस्त करू द्यावी.

सैन्यातून किंवा सुरक्षा खात्यातून आलेल्यांचे तास काटेकोर असतात आणि प्रश्नांना ते घाबरतात. विक्रीतले लोक वर्ग जागा ठेवतात, पण तासाच्या शेवटी वहीत काही उरत नाही. यापलीकडे या दोघांबद्दल माझ्याकडे फारसं काही नाही.

भाषेचे प्रशिक्षक मात्र वेगळं शिकवून जातात. जी भाषा शिकवायची ती जन्मापासून बोलणारा शिक्षक चांगला, की मोठेपणी शिकलेला? शाळा-कंपन्या डोळे झाकून पहिल्याला निवडतात. हंगेरीचे पेटर मेद्येश हे स्वतः इंग्रजी मागाहून शिकलेले. त्यांनी १९९२ साली उलट बाजू मांडली: मागाहून शिकलेला शिक्षक शिकण्याच्या युक्त्या सांगू शकतो, अडचण कुठे येणार ते आधीच ओळखतो, आणि आपण शिकू शकतो याचा जिताजागता पुरावा असतो. जन्मजात बोलणाऱ्याला ‘असं का म्हणायचं?’ असं विचारलं की तो म्हणतो, ‘असंच म्हणतात.’ त्याची चूक नाही. तो त्या वाटेनं कधी गेलेलाच नाही.

पार्श्वभूमीचा प्रश्न खरं म्हणजे इथे येऊन ठेपतो. प्रशिक्षक कुठून आला यापेक्षा तो स्वतः कुठे अडकला होता आणि ते त्याला आठवतंय का, हे मी आता बघतो. हे मला कळलं ते माझ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, पोहायला शिकताना. पहिला प्रशिक्षक लहानपणापासून पाण्यात वाढलेला. तो काठावरून ओरडायचा: ‘अंग सैल सोडा! घाबरू नका!’ मी घाबरलो नव्हतो, मला दम पुरत नव्हता. पाच-सहा हात मारले की छाती फुटायची वेळ यायची. महिनाभर हेच चाललं. मग तो रजेवर गेला आणि त्याच्या जागी एक बाई आल्या, तिशीनंतर पोहायला शिकलेल्या. त्यांनी दोन फेऱ्या बघितलं आणि विचारलं, ‘तोंड पाण्यात असताना तुम्ही श्वास धरून ठेवता का?’ मी म्हटलं, अर्थात. त्या म्हणाल्या, ‘मीही धरायचे. पाण्यात असताना सोडत राहा, बुडबुडे येऊ देत. म्हणजे तोंड बाहेर आलं की फक्त आत घ्यायचा राहील.’ त्या संध्याकाळी मी तलावाची पूर्ण लांबी पार केली. पहिला प्रशिक्षक त्यांच्याहून कितीतरी सरस पोहणारा होता. पण पाण्यात श्वास सोडायचा असतो हे सांगावं लागतं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

पामेला हाइंड्स यांनी १९९९ साली मोबाइल फोन वापरण्याच्या एका कामाबाबत हेच तपासलं होतं. नवख्याला हे जमायला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायला सांगितल्यावर तरबेज लोक जास्त चुकले; नुकतेच थोडेफार सरावलेले त्यांच्यापेक्षा जवळ गेले. म्हणून ‘वीस वर्षांचा अनुभव’ हे प्रशिक्षकाच्या परिचयात वाचलं की मी थोडा सावध होतो. माझ्याही परिचयात ते आहे, हे कबूल करतो.

राहता राहिला पदवीवाला. त्याच्याबद्दल बोलायचं तर त्याची पाठ्यपुस्तकं ज्यांनी घडवली त्यांच्याच पार्श्वभूमीकडे बघावं लागतं. प्रौढ शिकणारा स्वयंप्रेरित असतो, त्याला स्वतःची दिशा स्वतः ठरवायची असते, त्याचा अनुभव हेच मोठं भांडवल असतं, हे सगळं अमेरिकी प्रौढशिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांच्या नावानं शिकवलं जातं. १९७० साली त्यांनी मुलांना शिकवणं आणि प्रौढांना शिकवणं या दोन वेगळ्या, जवळजवळ विरुद्ध गोष्टी म्हणून मांडल्या. पण नोल्स विद्यापीठात आले ते १९५९ मध्ये. त्याआधी बरीच वर्षं ते वायएमसीएसारख्या संस्थांत प्रौढांचे अनौपचारिक वर्ग चालवत होते. तिथे कोण यायचं? ज्याला यावंसं वाटलं तो. नावडलं तर उठून जायची मोकळीक. अशा वर्गात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला प्रौढ स्वयंप्रेरित दिसला तर नवल काय? साहेबानं पाठवलं म्हणून आलेल्या किंवा परवाना टिकवायला हजेरी लावणाऱ्या प्रौढांबरोबर त्यांनी ती वर्षं काढली असती, तर सिद्धांत थोडा निराळा निघाला असता असं मला नेहमी वाटतं. नोल्स प्रामाणिक होते. १९८० च्या सुधारित मांडणीत त्यांनी विरोध काढून टाकला आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी सलग रेघ मानली. वर्गांमध्ये मात्र अजून १९७० सालचीच मांडणी फिरते.

ब्राझीलचे शिक्षणविचारवंत पाउलो फ्रेरे यांचीही गोष्ट अशीच. शिक्षण कायद्याचं, काम माध्यमिक शाळेत भाषाशिक्षकाचं. रेसीफे शहरात कामगार-पालकांसमोर मुलांना मारू नये या विषयावर त्यांनी एकदा बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजेंचा आधार घेत विद्वत्तापूर्ण भाषण केलं. भाषण संपल्यावर एक कामगार उठला. फ्रेरेंच्या घरात किती खोल्या असतील, मुलं कशी न्हाऊनमाखून झोपत असतील हे त्यानं वर्णून सांगितलं, मग स्वतःचं घर, थकवा आणि भूक सांगितली, आणि म्हणाला की आमच्यातले लोक मुलांना मारतात ते प्रेम नाही म्हणून नव्हे, जगणंच इतकं कठीण आहे म्हणून. फ्रेरे हा प्रसंग आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्या शिकवण्यातला बदल कायद्याच्या पदवीतून आला नाही, तो त्या कामगाराच्या बोलण्यातून आला. पार्श्वभूमी पक्की ठरलेली नसते याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

तर पदवीवाल्याची अडचण अशी की त्याला सांगायची भीती वाटते. ‘मी शिकवत नाही, मी फक्त वाट मोकळी करतो’ हे वाक्य ऐकलं की मी पुढची दहा मिनिटं शिकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघतो. ज्यांना विषयाची ओळख आहे ते गटचर्चेत रमतात. ज्यांना काहीच येत नाही ते गटातल्या बोलक्या माणसाचं उत्तर कागदावर उतरवून घेतात. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ साली आग्रहानं मांडलं की नवख्याला भरपूर मार्गदर्शन लागतं; आणि त्याआधी २००३ मध्ये स्लाव्हा काल्यूगा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की जे मार्गदर्शन नवख्याला तारतं तेच जाणत्याच्या आड येतं. प्रौढांच्या वर्गात हे दोघं शेजारी-शेजारी बसलेले असतात. वयानं प्रौढ असणं आणि विषयात प्रौढ असणं वेगळं, आणि पदवीच्या अभ्यासात नेमकं हेच निसटतं. मात्र पदवीवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट नक्की: मागच्या बाकावरून मी जे सांगतो ते त्याला लगेच समजतं. त्याच्याकडे बोलायला शब्द असतात. वेल्डरला तेच सांगायला मला पूर्ण संध्याकाळ लागते.

हे सगळं मोजता येतं का, असं तुम्ही विचारलंय. प्रश्नावल्या आहेत. गॅरी काँटी यांची ४४ विधानांची आहे, ती शिकवणं किती शिकणाऱ्याभोवती फिरतं ते मोजते. डॅनियल प्रॅट आणि जॉन कॉलिन्स यांची आहे, ती पाच दृष्टिकोन सांगते: ज्ञान पोचवणं, उमेदवारी करून घेणं, विचार घडवणं, आधार देणं, समाज बदलणं. मला दुसरी जास्त कामाची वाटते, कारण ती तुमची श्रद्धा, हेतू आणि कृती वेगवेगळी विचारते आणि तिन्ही जुळत नसतील तर ते दाखवते. पण दोन्ही ठिकाणी उत्तर देणारे तुम्हीच. त्या संध्याकाळच्या वर्गाआधी मला प्रश्नावली दिली असती तर मी ‘शिकणाऱ्याचा अनुभव’ या सदरात पैकीच्या पैकी गुण घेतले असते.

त्यापेक्षा फोनवर स्वतःचा वीस मिनिटांचा तास ध्वनिमुद्रित करा. घरी ऐकताना बाकी सगळं सोडून फक्त ठरल्याबाहेरचे क्षण शोधा आणि प्रत्येक क्षणापुढे लिहा: माझ्या तोंडून पहिलं वाक्य कुठलं निघालं? चार-पाच क्षणांत नमुना दिसतो. माझा निघाला: ‘बरोबर, पण’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोनदा मागे नेऊन खात्री केली.

तुमच्या अकरा वर्षांतलं काय टाकायचं आणि काय ठेवायचं, तर टाकायची एकच गोष्ट सांगतो. शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणतो, ही तीन पावलांची साखळी इंग्लंडमध्ये जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्टहार्ड यांनी १९७५ साली वर्गांतलं संभाषण तपासून मांडली. तिच्यात एक विचित्र गोष्ट दडलेली आहे: विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. शाळेबाहेर असा प्रश्न कोण विचारतं? मुलांना याची सवय असते. मोठ्या माणसाला मात्र, विशेषतः शाळेतून कडवट आठवणी घेऊन आलेल्याला, तो प्रश्न ऐकू येताच आपण पुन्हा त्या जुन्या बाकावर बसलो असं वाटतं. तुम्हाला खरोखर माहीत नसलेलं विचारा. ‘१५ टक्के म्हणजे किती?’ याऐवजी ‘तुम्ही कामावर हे कसं काढता?’ असं विचारलं तर उत्तर तुम्हालाही नवीन असतं आणि तुमचा चेहरा ते लपवू शकत नाही. शाबासकी देण्याची सवयही हळूहळू सुटेल, तिच्यामागे फार लागू नका.

आणि ठेवायचं ते तुमचं चुकांचं ज्ञान. ली शुलमन यांनी १९८६ साली विषय येणं आणि विषय शिकवता येणं यांच्यामधलं एक वेगळंच ज्ञान दाखवून दिलं. त्यात नवखा कुठे आणि का घसरतो हे माहीत असणं फार मोठं. वेल्डरला आणि परिचारिकेला ते वर्षं घालवून कमवावं लागतं. तुमच्याकडे ते आहे. ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं वाटतं, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे. २० टक्के वाढवून २० टक्के कमी केलं की मूळ आकडा परत येतो असं वाटतं. या चुका बारा वर्षांचं मूल करतं आणि बावन्न वर्षांचा माणूसही करतो. फक्त बावन्न वर्षांचा ती चूक झाकायला शिकलेला असतो, म्हणून ती तुम्हाला शोधावी लागेल. आणि ती कुठे शोधायची हे तुमच्याइतकं त्या तिघांपैकी कुणालाच माहीत नाही. पहिल्या महिन्यात त्यांच्या वर्गात जाऊन बसा, त्यांना तुमच्या वर्गात बसवा. तासानंतरच्या पंधरा मिनिटांच्या गप्पांतून तुम्हाला जितकं मिळेल तितकं माझ्या या उत्तरातून मिळणार नाही.

टक्केवारीचा तास मी आता उलटा घेतो. आधी विचारतो, तुम्ही कसं काढता? दहाला इतके, त्याचं निम्मं, ही पद्धत हटकून कुणीतरी सांगतंच. ती मी सांगणाऱ्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहितो आणि तिच्यावर अर्धा तास काढतो: २५ टक्के, ५ टक्के, ३५ टक्के, सगळे तोंडी. वर्ग रंगात येतो, मागच्या बाकावरचेही बोलायला लागतात. मग सहज म्हणून एक आकडा टाकतो: २३७ चे १३.६ टक्के. थोडी कुजबुज होते, दोघं-तिघं बोटांवर मोजायला लागतात, मध्येच सोडून देतात. मी गप्प उभा राहतो. मग समोरूनच कुणीतरी विचारतं, ‘याला काही रीत असते का हो?’